‘जुना असंल खरं, खोटा हाय काय?’ : डिसेंबर २०२२ चा सीमाभाग, एका गल्लीच्या मोबाइलवरून

१४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना दिल्लीत एकत्र बसवलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणी कुणाच्या मुलखावर दावा सांगायचा नाही, दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री मिळून समिती नेमायची, कायदा-सुव्यवस्थेसाठी वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली वेगळी समिती करायची, असं ठरलं. इतकं अपेक्षितच होतं. पण शहांनी बाहेर येऊन पत्रकारांना आणखी एक गोष्ट सांगितली. बड्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी हा सीमावाद भडकवायला मोठा हातभार लावला, अशा प्रकरणांत गुन्हे दाखल होतील आणि करणाऱ्यांना लोकांसमोर आणलं जाईल.

सहासष्ट वर्षांच्या भांडणात आरोपीच्या पिंजऱ्यात पहिल्यांदाच एक ॲप उभं राहिलं.

ही बातमी आली तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो आमच्या गल्लीचा. बेळगावच्या शहापूर-वडगाव बाजूची ही गल्ली. काही घरांतून मागांची खटखट अजून ऐकू येते, बाकीची पोरं उद्यमबागला कारखान्यात नाहीतर गाडीवर. इथे ट्विटर उघडणारी माणसं शोधून काढावी लागतील. तरी त्या तीन आठवड्यांत गल्लीचं डोकं तापलं होतं, आणि तापलं होतं ते ट्विटांवरूनच. हे कसं झालं, हा या लिखाणाचा विषय आहे. साधन एकच: गणेशोत्सव मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप. वर्गणी, मयत, नळाला पाणी कधी येणार आणि कुणाची म्हैस सुटली, यासाठी काढलेला. मी त्यात आहे. २२ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळातली सगळी चॅट मी नंतर उतरवून घेतली, तारीख-वेळेप्रमाणे लावली, आणि त्यातल्या काही लोकांशी बोललो. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मागचं थोडं

वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना इतिहास पाठ आहे, म्हणून भराभर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तोच दिवस एका घरात राज्योत्सव आणि शेजारच्या घरात काळा दिन. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरसह २४७ गावं कर्नाटकाला, बेळगाव शहर जिथे आहे तिथेच. महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. मागणी ८६५ गावांची.

गंमत अशी की या अहवालाचा अर्धाच भाग प्रत्येक बाजूला माहीत असतो. ‘महाजन अंतिम’ म्हणणाऱ्याला निपाणी-खानापूरची शिफारस ठाऊक नसते, आणि अहवालाला शिव्या घालणाऱ्यांपैकी कित्येकांना त्यात आपल्याला काही गावं मिळत होती याचा पत्ता नसतो. हे मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून आहे. तंत्रज्ञानाला दोष देताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

चाळीस गावं

२०२२ च्या नोव्हेंबरात न्यायालयात सुनावणी तोंडावर आल्याची चर्चा होती. २१ तारखेला मुंबईत शिंदे यांनी बैठक घेतली आणि समन्वयासाठी चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई या दोन मंत्र्यांची नेमणूक केली. त्यानंतर लगेच बोम्मई यांनी सांगलीतल्या जत तालुक्याचा विषय काढला. तिथल्या चाळीसेक ग्रामपंचायतींनी कर्नाटकात यायचा ठराव केलाय आणि आपण त्याचा गांभीर्याने विचार करतोय, असं त्यांचं म्हणणं. फडणवीसांनी उत्तर दिलं की तो ठराव २०१२ चा आहे, पाणीटंचाईला वैतागून केलेला, आत्ता कुठल्याही गावाने असं काही म्हटलेलं नाही.

ठराव झाला होता, हे खरं. बोम्मई बोलले, हेही खरं. आता ग्रुपवर हे कसं उतरलं ते बघा. सकाळी एका वर्तमानपत्राच्या बातमीचा फोटो आला, ‘जतच्या ४० गावांवर कर्नाटकचा दावा’ अशा आशयाचा. दुपारी कुणीतरी स्वतः टाइप केलं, ‘जतची ४० गावं घेणार म्हणे’. रात्री दुसऱ्या ग्रुपवरून मजकूर आला, ‘जतची ४० गावं गेली, आता सोलापूरचा नंबर’. तीन पायऱ्या, आणि कुठल्याही पायरीवर कुणी ठरवून खोटं बोललं असं मला दिसत नाही. प्रत्येकाने आधीच्याला थोडं आवळलं, एवढंच. २०१२ हा आकडा मात्र पहिल्या पायरीवरच गळून पडला होता.

पुढच्या दोन दिवसांत बोम्मई यांच्या नावाची ट्विटं आली, सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड भाषक भागावर हक्क सांगणारी. गल्लीत ती पोचली स्क्रीनशॉट म्हणून. ‘४० गावं’ हा शब्दप्रयोग मग रोज दिसायला लागला: मोर्चाच्या हाकेत, विनोदात, एका वाढदिवसाच्या शुभेच्छांतसुद्धा. मानसशास्त्रात १९७७ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या संशोधकांनी दाखवलं की एखादं विधान नुसतं पुन्हा पुन्हा कानावर पडलं तरी माणसाला ते जास्त खरं वाटायला लागतं. आमच्या ग्रुपात आठवड्याभराने मी दूधवाल्या दादांना विचारलं की जतचं नेमकं काय झालं. ते म्हणाले, “गेली की ओ गावं. पेपरात आलंय.”

पेपरात आलं होतंही. पण काय आलं होतं ते त्यांनी पेपरात वाचलं नव्हतं, पेपराचा फोटो मोबाइलवर पाहिला होता, आणि त्यात मथळ्याच्या खालचा मजकूर कापलेला होता.

सहा डिसेंबर

महाराष्ट्राच्या त्या दोन मंत्र्यांचा बेळगाव दौरा ३ तारखेचा ६ वर गेला आणि शेवटी झालाच नाही. ६ डिसेंबरला धारवाडच्या रस्त्यावर हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ कर्नाटक रक्षण वेदिके या कन्नड संघटनेच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या ट्रकांवर दगडफेक केली, काळं फासलं. पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासण्यात आलं. फडणवीसांनी बोम्मईंना फोन केला. शरद पवारांनी ४८ तासांत हे थांबलं नाही तर आपण स्वतः बेळगावला जाऊ, असं जाहीर केलं. एसटीने कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या.

यातलं सगळं घडलं. ट्रकांच्या फुटलेल्या काचांचे व्हिडिओ अस्सल होते. हा मुद्दा मी मुद्दाम रेटतोय, कारण अपप्रचार म्हटलं की आपल्याला वाटतं कुणीतरी खोलीत बसून खोटं तयार करतं. त्या दिवशी ग्रुपवर जे आलं त्यातला मोठा भाग खरा होता. पोराबाळांना घेऊन निघालेल्या गाड्या अडकल्या होत्या, ड्रायव्हर घाबरले होते. आमच्याच गल्लीतला एक गाडीवाला पुण्याहून माल भरून येत होता. त्याने काचेवरचं भगव्या झेंड्याचं स्टिकर खरवडून काढलं आणि कागलच्या अलीकडे एका ढाब्यावर गाडी लावून झोपला. त्याचे व्हॉइस मेसेज ग्रुपवर आहेत. आवाज अगदी थकलेला.

त्या रात्री साडेनऊच्या सुमारास येळ्ळूरचा व्हिडिओ आला.

चिखल

हे प्रकरण ज्या एका गोष्टीसाठी लिहावंसं वाटलं, ती ही. व्हिडिओत पोलीस काठ्या घेऊन एका गावाच्या बोळात घुसतात, लोक पळतात, एका घराच्या पडवीत कुणालातरी मारलं जातं, बाया ओरडतात. खाली मजकूर: ‘आत्ताचा व्हिडिओ. येळ्ळूर. मराठी माणसावर अत्याचार. जास्तीत जास्त शेअर करा.’ वर दोन बाणांची खूण, म्हणजे आधीच अनेकदा पुढे ढकललेला.

ती खूण व्हॉट्सॲपने २०१९ मध्ये आणली ती सावध करायला. अफवांवरून देशात माणसं मारली गेली तेव्हा, २०१८ मध्ये, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली गेली. २०२० मध्ये दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये जाईल असं केलं. हेतू चांगला. पण आमच्या ग्रुपात एका पोराने त्याच रात्री लिहिलंय, ‘एवढ्या लोकांनी पाठवलाय म्हणजे खराच असणार’. इशारा म्हणून लावलेली पाटी गल्लीने दाखला म्हणून वाचली. आणि ज्याला मर्यादा नको असते तो व्हिडिओ मोबाइलमध्ये उतरवतो आणि नव्याने टाकतो. बाण जातात, मर्यादा जाते. तासाभराने तोच व्हिडिओ दुसऱ्याने टाकला तेव्हा त्यावर कुठलीच खूण नव्हती. जणू त्याने स्वतः काढला होता.

अर्ध्या तासात ग्रुप पेटला. उद्या सकाळी येळ्ळूरला जायचं ठरलं, कोण कोण येणार त्याची यादी सुरू झाली. आणि मग गल्लीतल्या एका वहिनींनी लिहिलं. माहेर येळ्ळूर. एरवी ग्रुपवर फक्त ‘पाणी आलं काय’ एवढंच विचारणाऱ्या. त्यांचा मेसेज जसाच्या तसा:

‘हे आत्ताचं न्हवं. मागं शेत बघा, रोप लावलेलं दिसतंय बांधाला पाणी हाय. आमच्यात आत्ता मळणी चाललीया. चिखल कुठला डिसेंबरात. हे पाटीच्या वेळचं.’

येळ्ळूर बासमतीचं गाव. भाताचं वेळापत्रक तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. जुलैत रोप लावण, डिसेंबरात सुगी. पाटी म्हणजे येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून प्रशासनाने तो हटवला, लोकांनी पुन्हा उभारला, तो पुन्हा काढला आणि २७ तारखेला गावात लाठीमार झाला. घरात घुसून मारल्याची दृश्यं तेव्हा सगळ्यांनी पाहिली होती. व्हिडिओ तोच होता. साडेआठ वर्षांपूर्वीचा.

तथ्य तपासणारी संकेतस्थळं, उलटा फोटो शोधायची साधनं, व्हिडिओची चौकटन्‌चौकट काढून पाहणं, हे सगळं मी तरुणांना शिकवतो. वहिनींना त्यातलं काहीच लागलं नाही. उलट शोधून काढायला गेलं असतं तरी वेळ गेला असता. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओत कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख टिकत नाही. चिखल टिकतो.

तर सत्य समोर आलं. दहा वाजून गेले नव्हते. आता काय व्हायला हवं होतं?

दोघांनी अंगठा दाखवला. निवृत्त मास्तर होते त्यांनी लिहिलं, ‘ताई बरोबर सांगतात, २०१४ चा आहे, कृपया पुढे पाठवू नये.’ त्याच्या खाली एका पंचविशीतल्या पोराचं उत्तर: ‘जुना असंल खरं, खोटा हाय काय? मारलं न्हाईत काय आमच्या माणसांना?’ त्या उत्तराला जेवढे अंगठे पडले तेवढे मास्तरांच्या आणि वहिनींच्या मेसेजला मिळून पडले नाहीत. व्हिडिओ तासाभरात आणखी दोघांनी टाकला.

मला हे उत्तर मूर्खपणाचं वाटत नाही. वाटतं तेवढं सोपं ते नाहीच. त्या पोराला तारीख नको होती, त्याला जखमेची कबुली हवी होती. येळ्ळूरला जे झालं ते झालं होतं. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात माणसं गेली, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दरवर्षी लोक जातात. हे घराघरात सांगितलं जातं, आणि बाहेरच्या जगात त्याला फारसा ऐकणारा नाही. अशा माणसाला तुम्ही सांगता की व्हिडिओ जुना आहे. त्याला ऐकू येतं, तसं काही झालंच नव्हतं. दुरुस्ती त्याच्या कानापर्यंत जाताना नकार बनते. आमच्याकडचा अपप्रचार जगतो तो या जागेवर. तो खऱ्या घावावर चुकीची तारीख चिकटवतो, आणि मग तारीख सोलायला गेलात की घावाला हात लागतो.

एमआयटीच्या संशोधकांचा २०१८ चा एक अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढून त्यांनी दाखवलं की खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त असते, आणि ते काम यंत्रं करत नाहीत, माणसंच करतात. अभ्यास चांगलाच आहे. पण त्यात बातमी एकतर खरी, नाहीतर खोटी, नाहीतर मिश्र असते. येळ्ळूरचा व्हिडिओ त्यातल्या कुठल्या खणात टाकायचा? चित्र खरं, गाव खरं, मार खरा, फक्त ‘आत्ताचा’ हा एक शब्द खोटा. आणि दुसऱ्या दिवशीची गर्दी जमणार होती ती त्याच एका शब्दावर. (गर्दी जमली नाही. जमावबंदीची भीती, आणि मुख्य म्हणजे सकाळी येळ्ळूरला फोन लावले तर तिथली माणसं मळणीत होती.)

दोन मोबाइल

ग्रुपात चार-पाच कन्नड घरं आहेत. त्यातले एक काका, नोकरीतून निवृत्त, मराठी आमच्याहून स्वच्छ बोलतात. त्या दिवसांत ते ग्रुपवर गप्प होते. जानेवारीत आम्ही दोघं एका कँटीनमध्ये बसलो आणि मोबाइल शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्या समाजाच्या ग्रुपवर काय आलं ते त्यांनी दाखवलं, मी आमचं.

वाटलं होतं, दोन वेगळी जगं दिसतील. तसं नव्हतं. निम्म्याहून जास्त व्हिडिओ तेच होते. फरक होता रांगेचा. आमच्याकडे गोष्ट सुरू होत होती जतच्या वक्तव्यापासून, मग सोलापूर-अक्कलकोट, मग हिरेबागेवाडीचे ट्रक. पुण्यातल्या बस शेवटी, ‘जशास तसं’ या मजकुरासह. त्यांच्याकडे गोष्ट सुरू होत होती २५ नोव्हेंबरला दौंडमध्ये काळं फासलेल्या कर्नाटकाच्या बसपासून. मग ३० नोव्हेंबरला बेळगावातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात कन्नड झेंडा फडकवणाऱ्या विद्यार्थ्याला झालेली मारहाण. हिरेबागेवाडीचे ट्रक त्यानंतर, ‘उत्तर’ म्हणून. वर तोंडी लावायला डिसेंबर २०२१ चा अनगोळच्या, कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा फोटो. आमच्याकडे त्याच जागी होता बंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई फेकल्याचा, त्याच आठवड्यातला.

दोन्ही रांगांतली घटना-घटना तपासली तर खरी निघते. खोटं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही, कारण ते कुठल्याही एका मेसेजमध्ये नाहीच. ते आहे पहिला मेसेज कुठला धरायचा यात. ज्याने आधी केलं तो गुन्हेगार आणि नंतर केलं तो बचाव करणारा, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग सुरुवातीची तारीख दोन दिवस मागे-पुढे सरकवली की न्याय फिरतो. पूर्वी हे काम संपादक करायचे, आणि त्यांच्यावर निदान लोकांची नजर होती. १९१९ पासून बेळगावात ‘तरुण भारत’ निघतो, कन्नड पत्रंही निघतात. कुठलं पत्र कुठल्या बाजूने लिहितं हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं आणि तेवढं वजा करून तो वाचतो. ग्रुपवरची रांग कुणी लावली हे ठाऊक नसतं. लावणारा एक नसतोच.

काका म्हणाले, “तुमच्यातलं जतचं मला माहीतच नव्हतं. आमच्यात आलं नाही.” मला महाविद्यालयातली मारहाण माहीत होती, पण ती यात कुठे बसते ते कधी सुचलं नव्हतं.

निळी खूण

आता शहांच्या बनावट खात्यांकडे येऊ. बैठकीनंतर फडणवीसांनी पत्रकारांना सांगितलं की ती ट्विटं आपली नाहीत असं बोम्मईंनी स्पष्ट केलंय. महाराष्ट्रातल्या विरोधकांनी यावर बोट ठेवलं: खातं बनावट होतं तर इतके दिवस कुणी काही बोललं का नाही?

या वादात कुणाचं बरोबर हे ठरवणं माझं काम नाही. माझ्या प्रकरणापुरतं महत्त्वाचं एवढंच की गल्लीत ही चौकशी करणं अशक्य होतं. स्क्रीनशॉटला दुवा नसतो. त्यावर बोट ठेवलं तर खातं उघडत नाही. नाव, फोटो, खातं अस्सल असल्याची निळी खूण हे सगळं चित्रातली नक्षी असते, आणि तसलं चित्र फुकटच्या ॲपवर कुणालाही बनवता येतं. त्यातून वेळ अशी की एलॉन मस्क यांनी ट्विटर ताब्यात घेऊन जेमतेम दीड महिना झाला होता. ९ नोव्हेंबरला अमेरिकेसह काही देशांत निळी खूण पैसे देऊन मिळायला लागली, नामवंत कंपन्यांच्या नावाने तोतये उभे राहिले, दोन-तीन दिवसांत योजना गुंडाळावी लागली. १२ डिसेंबरला, म्हणजे दिल्लीच्या बैठकीच्या दोन दिवस आधी, ती पुन्हा सुरू झाली. भारतात ती आली फेब्रुवारी २०२३ मध्ये. पण ‘खूण आता विकत मिळते’ ही बातमी गल्लीपर्यंत आली होती, आणि तिने एकच काम केलं. ज्याला जे खोटं ठरवायचं होतं त्याला तसं म्हणायची सोय झाली.

१५ तारखेची चॅट वाचताना हे स्पष्ट दिसतं. सकाळी कुणीतरी शहांची बातमी टाकली. पहिलं उत्तर: ‘म्हणजे जतचं पण फेक होतं.’ नव्हतं. जतबद्दल बोम्मई पत्रकारांशी बोलले होते, त्यासाठी ट्विटरची गरजच नव्हती. दुसरं उत्तर: ‘ट्रक फोडले ते पण फेक काय मग?’ तिसरा म्हणाला, ‘सगळे मिळालेले आहेत, आता फेक म्हणून हात झटकतात.’ चौथ्याने येळ्ळूरचा व्हिडिओ पुन्हा टाकून लिहिलं, ‘हा फेक म्हणून दाखवा.’

चेस्नी आणि सिट्रन या अमेरिकी कायदेपंडितांनी २०१८-१९ च्या सुमारास डीपफेकबद्दल लिहिताना हाच धोका सांगितला होता. काहीही बनवता येतं हे एकदा सगळ्यांना कळलं की खरोखर पकडल्या गेलेल्या माणसालाही ‘बनावट’ म्हणून सुटता येतं. आमच्याकडे डीपफेक लागलं नाही, स्क्रीनशॉट पुरला. आणि सुटका फक्त नेत्यांची झाली नाही. ज्यांनी तीन आठवडे मजकूर ढकलला त्या आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. दोष कुठल्यातरी अज्ञात खात्याचा निघाला.

पुढे २२ डिसेंबरला कर्नाटक विधानसभेत आणि २७ ला महाराष्ट्राच्या विधिमंडळात आपापले ठराव झाले. दावा सांगायचा नाही असं ठरलेल्या बैठकीला दोन आठवडेही झाले नव्हते. त्या ठरावांना कुणी बनावट म्हटलं नाही.

ॲडमिनने दार लावलं

१५ च्या रात्री ग्रुपच्या ॲडमिनने ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे बटण दाबलं. बिचाऱ्याचं मंडपाचं दुकान. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की ग्रुपवर काही आलं तर ॲडमिनला उचलतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला सरसकट जबाबदार धरता येत नाही, समान हेतू दिसला पाहिजे. पण निकाल न्यायालयात मिळतो आणि हवालदार दारात येतो. त्याची भीती मला पूर्ण पटते.

परिणाम मात्र उलटा झाला. पोरांनी त्याच रात्री वेगळा ग्रुप काढला. त्यात वहिनी नव्हत्या, मास्तर नव्हते, कन्नड काका तर नव्हतेच. माझा भाचा आहे त्यात, त्याच्याकडून कळतं. जुन्या ग्रुपात दहा बेताल मेसेजमागे एखादा तरी ‘हे कधीचं?’ असं विचारणारा होता. नव्या ग्रुपात सगळे एका वयाचे आणि एका मताचे. शांततेसाठी लावलेल्या दाराने चिखल ओळखणारं माणूसच बाहेर ठेवलं. अफवा रोखायच्या म्हणून सरकारं इंटरनेट तोडतात तिथेही मला हीच शंका येते: अफवा तोंडातोंडी जातच राहते, खुलासा तेवढा अडकतो.

सरकारने खरं-खोटं ठरवावं हा उपायही सुचवला जातो. केंद्राने २०२३ मध्ये आपल्या कारभाराबद्दलच्या मजकुरासाठी तसा कक्ष नेमायची तरतूद केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. सीमाभागात तर विचारायलाच नको. इथे वादाचे पक्षकारच सरकारं आहेत. एका सरकारी कक्षाने खोटं म्हटलं की पलीकडच्या बाजूला तेच खरेपणाचं प्रमाणपत्र वाटणार.

२०२२ नंतर जुन्या ग्रुपात जे थोडं बदललं ते मास्तरांमुळे. त्यांनी वाद घालणं सोडलं. ॲडमिनने पुन्हा दार उघडल्यावर व्हिडिओ आला की ते ‘खोटं आहे’ असं लिहीत नाहीत. आधी लिहितात, ‘हे घडलं होतं, अमुक साली’, आणि मग गाव आणि प्रसंग सांगतात. घाव मान्य करून तारीख देतात. येळ्ळूरच्या व्हिडिओला त्यांनी पुढच्या वेळी असंच उत्तर दिलं तेव्हा तो पंचविशीतला पोरगा काही बोलला नाही. पटलं म्हणून गप्प बसला की कंटाळून, ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वादावादी होऊन वाहकाला मारहाण झाली, आणि त्या भांडणाच्या कारणाच्या दोन कहाण्या संध्याकाळपर्यंत दोन भाषांत तयार होत्या. मग चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या बसचालकाला काळं फासणं, दोन्हीकडच्या गाड्या बंद, २२ मार्चला कर्नाटक बंद. जुन्या ग्रुपात या वेळी चौघा-पाचांनी विचारलं, ‘कधीचं? कुठलं?’ नव्या ग्रुपात काय चाललं होतं ते भाच्याने दाखवलं, दाखवण्यासारखं नव्हतं. आमचा गाडीवाला त्या दिवशी कोल्हापुरात माल भरून थांबला होता. त्याने दोन्ही ग्रुप बघितले नाहीत. कोगनोळी नाक्याजवळ त्याच्या ओळखीचा टायरवाला आहे, त्याला फोन लावला. “खरंखोटं ऱ्हाऊ दे गा, नाका चालू हाय काय तेवढं सांग.” नाका चालू होता. तरी त्याने गाडी दुसऱ्या दिवशी काढली.